बडोद्यात पुराआधी आणि पुरानंतर

महाराष्ट्रातून बडोद्यात आलेली कुटुंबे घर बघताना शाळा आणि स्टेशन किती लांब ते विचारतात, विश्वामित्री नदी किती लांब ते विचारत नाहीत. समा, फतेगंज किंवा अकोट्याकडे तळमजला घेणार असाल, तर करार करण्याआधी शेजाऱ्यांकडून २०१९ आणि २०२४ च्या पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर पाहून घ्यावी.

पाऊस थांबला म्हणजे संकट टळले, असे येथे समजू नये. नदी पावागडकडून येते आणि आजवा तलाव भरला की त्याचे पाणीही तिलाच मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये, जे कमी दाबाचे क्षेत्र पुढे अरबी समुद्रावर ‘असना’ चक्रीवादळ झाले, त्याच्या पावसाने नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३७ फुटांपर्यंत चढली. पाण्यात पाऊल टाकू नका, नदीत मगरी आहेत.

१९९८ चे कांडल्याचे वादळ आणि २००१ चा भूकंप यांतून गुजरात सरकार पुष्कळ शिकले आहे. २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ येण्याआधी किनाऱ्यावरील सुमारे एक लाख माणसे हलवली गेली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. शहरातल्या सोसायटीत मात्र मदत दारापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी आणि औषधे वरच्या मजल्यावर ठेवावीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते. २०१९ मध्ये पाणी ओसरताच आम्ही फिनेल टाकून घर धुतले, भिजलेल्या गाद्या आणि गव्हाची कोठी रस्त्यावर टाकली, भिंतीवरची चिखलाची रेघसुद्धा घासून काढली. तिसऱ्या दिवशी नुकसानीच्या सर्वेक्षणाची सरकारी माणसे आली, तेव्हा दाखवायला काहीच उरले नव्हते आणि घरवखरीची, म्हणजे घरसामानाच्या नुकसानीची सरकारी मदत हातची गेली. म्हणून झाडू हातात घेण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या रेघेचे आणि भिजलेल्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. पाहणी होईपर्यंत निदान मोठ्या वस्तू अंगणात राहू द्या. भाडेकरूंनी भाडेकरार आणि आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावे, कारण पाहणीच्या वेळी तुम्ही तेथे राहता हे तुम्हालाच दाखवावे लागते.

आपली माणसे मराठी मंडळांतच रमतात आणि सोसायटीच्या गुजराती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे दुर्लक्ष करतात, याचे मला फार वाईट वाटते. गुजराती लिपी महिनाभरात वाचता येते. पाहणीचे पथक कोणत्या गल्लीत पोहोचले, हे त्या ग्रुपवरच आधी कळते.