गोव्यातील जुन्या घराचा काळ कसा ठरवावा

पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या भागांतील जुने घर बहुधा एका दमात उभे राहिलेले नसते. म्हणून संपूर्ण घराचे एकच वर्ष शोधण्याऐवजी देवघर, राजांगण (घराच्या मधले मोकळे अंगण), ओसरी, मागची पडवी यांचा काळ वेगवेगळा ठरवावा, आणि कागद हाती घेण्यापूर्वी घर नीट पाहावे.

दुरुस्तीसाठी कौले उतरवली जातात, तेव्हा ती उलटून पाहण्याची संधी दवडू नये. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव, क्वचित वर्षही, ठशात उमटलेले असते. मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्याचा ठसा असलेले कौल त्यापूर्वीचे असू शकत नाही. मात्र अनेक घरांवरचे नळे (अर्धगोल देशी कौले) काढून नंतर ही कौले घातली गेली, हे विसरू नये. वाशांवर आज विनावापर पडलेल्या खाचा किंवा खुंट्यांची भोके आढळली, तर छप्पर बदलले असण्याची दाट शक्यता असते.

भिंतींचा गिलावा जेथे निघाला आहे तेथे दोन भिंतींचा कोपरा पाहावा. चिरे एकमेकांत गुंतलेले असतील, तर त्या भिंती बहुधा एकाच वेळी बांधलेल्या असतात; त्यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसला, तर एक भिंत मागाहून जोडलेली असते. माझ्या मते घराच्या वाढीचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. सिमेंट दिसले, तर ते काम बहुधा विसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे समजावे.

यानंतर मात्रीझची (पोर्तुगीजकालीन मालमत्ता-कराच्या नोंदवहीतली) नोंद, वाटणीच्या वेळचा इन्व्हेंतार (वारसांसाठी केलेली मालमत्तेची यादी) आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यातील दप्तरे तपासावीत. फोंडा 1763 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले, त्यामुळे त्याआधीच्या काळातील कागदांसाठी मोडी लिपी वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते. कागदात घराचा उल्लेख सापडला, तरी त्या जागी तेव्हा एक घर होते एवढेच सिद्ध होते. ते आजचेच घर आहे हे चतुःसीमा आणि बांधकामाच्या खुणा जुळल्याशिवाय मानू नये.

भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घराबरोबर आवारातील मुंडकारांची (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची) घरेही नोंदवावीत, नाहीतर वस्तीचा इतिहास अर्धाच राहतो. मातीची ही घरे पाडून नवी बांधली गेली आणि 1975 च्या मुंडकार कायद्यापूर्वीचे त्यांचे कागद फारसे मिळत नाहीत. त्यामुळे तेथील वृद्धांच्या आठवणी, सांगणाऱ्याची संमती घेऊन आणि तारीख घालून, सर्वांत आधी लिहून घ्याव्यात.