जुन्या मोटरबोटीचं व्हीलहाऊस (बोट चालवायची केबिन) नीट करायचंय? आधी गळती शोधा
रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि पाणी कुठून येतंय ते बघा, बहुतेक वेळा ते खिडक्यांच्या कडेनेच येतं. होज लावून खालून वर पाणी मारत जा, आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. कोपऱ्यातल्या लाकडात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा, सहज आत घुसलं की ते लाकूड गेलं समजा, वरून पुट्टी भरून काही होत नाही, चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, पूर्ण वाळू द्या, मग मरीन प्लाय (बोटीसाठीचं प्लायवूड) इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदाने, बसवा.

खिडकीला काचेऐवजी ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) लावत असाल तर स्क्रूची भोकं थोडी मोठी ठेवा, कारण उन्हात ते प्रसरण पावतं आणि भोक घट्ट असेल तर तिथूनच तडकतं. वायरिंग बदलताना टिनचा मुलामा असलेल्या तांब्याच्याच वायरी घ्या, प्रत्येक सर्किटला फ्यूज. स्पीकर होकायंत्राजवळ नको हं, त्यातल्या चुंबकाने दिशा चुकते.

आणि डॅशबोर्डला चकचकीत पांढरा रंग देऊ नका प्लीज, काचेत त्याचंच प्रतिबिंब पडतं आणि समोरचं दिसत नाही, मॅट गडद रंगच बरा. रात्रीसाठी मंद लाल दिवा लावा, डोळे अंधाराला सरावलेले राहतात.