नवं मॉडेल आलंय म्हणून स्पोर्ट्स कार बदलायची का? पुण्यातल्या रस्त्यांचा आणि खिशाचा हिशेब

नवं मॉडेल बाजारात आलं की शोरूममधून फोन येतो, 'सर, तुमच्या गाडीला आत्ता चांगला भाव आहे.' भावाचं नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि सध्याच्या गाडीबद्दलच्या तक्रारी लिहून काढा. 'जुनी वाटते' असं मोघम लिहू नका. 'खड्ड्यात पुढून डावीकडे टक् असा आवाज येतो', 'पावसात मागचं चाक सुटतं', 'हळू ट्रॅफिकमध्ये गिअर बदलताना झटका बसतो', 'स्क्रीन मागासलेली आहे' असं नेमकं लिहा. मग प्रत्येक तक्रारीसमोर एकच शब्द लिहा: झीज, मॉडेल किंवा हौस. हौस असेल तर हौसच लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र झिजेचा इलाज शोरूममध्ये नसतो, गॅरेजमध्ये असतो, आणि बहुतेक कागदांवर झीजच जास्त निघते.

झीज आधी काढून टाका

पुण्यात अशी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर 'डीओटी'च्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो, आवाज करतो आणि स्टिअरिंग बोथट करतो. 'आता गाडी बदलायलाच हवी' म्हणणारे लोक नेमक्या याच गोष्टी सांगतात.

यानंतर खालचा भाग बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. आपल्या सोसायट्यांच्या गेटसमोरचे डांबराचे उंचवटे त्या मापाच्या आसपासही नसतात. पोट घासू नये म्हणून आपण गाडी तिरकी काढतो, तेव्हा सगळा भार एका चाकावर येतो आणि चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे रबरी जोड, फाटतात. गाडी लिफ्टवर घ्या. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. मग ९ आणि ३ वर धरून हलवा. तिथेच खेळ असेल तर टाय रॉड बघा. बुशवर टॉमी (लोखंडी दांडा) लावून जोर दिला की फाटलेलं रबर उघडं पडतं. शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ असेल तर तो बदलायचाच, आणि एकटा नाही, जोडीने.

ब्रेक डिस्कची जाडी मोजताना हमखास चूक होते. डिस्कच्या कडेला न झिजलेली पट्टी उरते. साधा व्हर्नियर तिच्यावर टेकतो आणि माप जास्त दाखवतो. पॅड जिथे घासतो त्या जागी डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. डिस्कच्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी ताडून पाहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाट उतरताना पेडल मऊ पडतं.

कामाचा क्रम चुकवू नका: टायर आणि बुश आधी, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. गाडीनुसार हे सगळं दोन ते चार लाखांत बसतं. त्यानंतर दोन महिने गाडी चालवा आणि कागद पुन्हा वाचा. ज्या तक्रारी तरीही उरल्या, त्याच मॉडेल बदलण्याच्या कामाच्या.

आकडे वाचताना

ब्रोशरमध्ये अश्वशक्ती मोठ्या अक्षरात असते आणि वजन शेवटच्या पानावर. दोन्ही एका ओळीत मांडा. बीएमडब्ल्यूची एम२ घ्या. २०१८ ची एम२ कॉम्पिटिशन (कंपनीच्या भाषेत एफ८७ ही पिढी) ४१० अश्वशक्तीची, ड्युअल क्लच गिअरबॉक्ससह वजन सुमारे १,५७५ किलो. तिच्यानंतरची पिढी, जी८७, सुरुवातीला ४६० अश्वशक्तीची आली, ऑटोमॅटिकसह वजन सुमारे १,७२५ किलो. टनामागे हिशेब केला तर आधीची २६०, नंतरची २६७. कंपनीने जाहीर केलेली ० ते १०० ची वेळ ४.२ सेकंदांवरून ४.१ वर आली. सेकंदाचा एक दशांश. पन्नास घोडे वाढले, त्यातले बहुतेक वाढलेलं दीडशे किलो ओढण्यातच खर्ची पडले.

म्हणून जी८७ वाईट ठरत नाही. तिचं एस५८ इंजिन आधीच्या एस५५ पेक्षा निर्धोक मानलं जातं. एस५५ मध्ये क्रँक हब (क्रँकशाफ्टच्या टोकाचा भाग) सरकण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, विशेषतः ट्यून केलेल्या गाड्यांत. व्हीलबेस वाढल्यामुळे जी८७ वेगात जास्त शांत राहते. पण तुमच्या कागदावर 'पिकअप कमी' एवढंच असेल, तर ही गाडी तुम्हाला फारसं काही देणार नाही.

टायरचाही हिशेब करा, खड्ड्यांसाठी तो अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचा. २६५/३५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची २६५ च्या ३५ टक्के, सुमारे ९३ मिलिमीटर. एम२ कॉम्पिटिशनचा मागचा टायर एवढा होता. जी८७ चा मागचा २८५/३० आर२०, म्हणजे साडेपंच्याऐंशी मिलिमीटर. पुढे मात्र उलट घडलं आहे. २४५/३५ ची जवळपास ८६ मिलिमीटरची भिंत जाऊन २७५/३५ ची ९६ ची आली. अशा गाडीत पुढची रिम १९ इंची आणि मागची २० इंची असते, म्हणजे टायर पुढे-मागे फिरवून आयुष्य वाढवण्याची सोयही नाही.

पोर्शेचा विषय निराळा. केमनची ९८१ ही पिढी संपून २०१६ मध्ये ७१८ आली, तेव्हा सहा सिलिंडरचं बिनटर्बोचं इंजिन जाऊन चार सिलिंडरचं टर्बो आलं. केमन एस ३२५ वरून ३५० अश्वशक्तीवर गेली, खालच्या आरपीएमला ओढ पुष्कळ वाढली, आणि आवाज मात्र गेला. पुढे जीटीएस ४.० मध्ये ४०० अश्वशक्तीचं सहा सिलिंडर परत आलं. ज्याला आवाज हवा त्याने ९८१ विकून साधी ७१८ घेणं म्हणजे पैसे भरून नाराज होणं. ९११ मध्येही ९९१ या पिढीच्या दुसऱ्या टप्प्यात साधी करेरा टर्बो झाली आणि पुढच्या ९९२ च्या दुसऱ्या टप्प्यात काट्याचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा) गेला. आधीचं मॉडेल विकताना आपण काय सोडतो आहोत, ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहा.

चाचणी घ्यायची कशी

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची चक्कर म्हणजे चाचणी नव्हे. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहाची वेळ मागा. आधी स्वतःची गाडी चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत नेऊन आणा आणि लगेच त्याच रस्त्यावर नवी चालवा. तुलना आठवणीशी केली तर नवीच जिंकते. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा. डेमो गाडीत ती बरेचदा जास्त भरलेली असते, मग गाडी उगाच धडधडते आणि दोष सस्पेन्शनला जातो.

रस्त्यावर वेग बघू नका. द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० ची आहे आणि कॅमेरे लागलेले आहेत, तिथे दोन्ही गाड्या सारख्याच. बघायचं ते हळू वेगात: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना झटका बसतो का, सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाज किती येतो, मऊ मोडमध्ये ठेवूनही खड्डा कण्यापर्यंत पोचतो का. दुपारची एक फेरीही मागा. एप्रिलमध्ये सिग्नलला उभं राहिल्यावर एसी आणि इंजिनाचं तापमान काय करतात ते सकाळी कळत नाही.

मग गाडी घरी आणा. हे टाळू नका. बेसमेंटचा उतार जिथे सपाट होतो तिथे पुढचा ओठ (बंपरची खालची कड) घासतो, उतारावर नाही. वाहन तळात उतरताना एकाला बाहेर उभं करा आणि ओठाखाली किती बोटं जागा उरते ते बघायला सांगा. पझल पार्किंग (गाड्या वर-खाली सरकवणारी यांत्रिक पार्किंग) असेल तर त्याच्या पाटीवरची रुंदी आणि वजनाची मर्यादा वाचा. जी८७ आधीच्या गाडीपेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर रुंद आहे आणि आरशांची रुंदी त्यात धरलेली नसते. ९११ मध्ये पुढचा भाग उचलणारी यंत्रणा पर्याय म्हणून मिळते, नाक सुमारे ४० मिलिमीटर वर येतं. पुण्यासाठी कार्बनचं छत सोडा, हा पर्याय घ्या.

पैशाचा कागद

समजा एक्स-शोरूम किंमत १ कोटी. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के कर, म्हणजे १३ लाख. तयार आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के, म्हणजे २० लाख. या कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० वरून ३० लाखांवर नेली आहे. १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला आयकर) वर द्यावा लागतो, पण तो विवरणपत्रात वळता होतो. विमा तीन लाख धरा. आयात गाडी रस्त्यावर यायला १ कोटी २३ लाख लागतात. तुमच्या सध्याच्या गाडीचा कर भरून झाला आहे, आणि विकताना तो वेगळा कोणी मोजून देत नाही.

जुन्या गाडीला शोरूम ५५ लाख देतं आणि थेट ग्राहक ६०, असं धरू. शोरूमला स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो आणि गाडी पडून राहण्याची जोखीमही असते, म्हणून ही दरी. फरकातले ६० लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी उचलले तर हप्ता सुमारे १,२४,५५० रुपये आणि एकूण व्याज पावणेपंधरा लाखांच्या आसपास.

आता खरा आकडा. तीन वर्षांत नवी गाडी १.२० कोटींवरून ७० लाखांवर आली आणि जुनी ठेवली असती तर ती ६० वरून ४८ वर आली असती, असं धरा. नवीची घट ५० लाख, जुनीची १२. जास्तीची ३८ लाखांची घट तीन वर्षांच्या १२,००० किलोमीटरवर वाटली तर किलोमीटरला ३१६ रुपये पडतात. व्याज आणि पेट्रोल वेगळं. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन ५० किलोमीटर झाले, तर त्या पिठलं-भाकरीमागे १५,८०० रुपये. हे वाचूनही मन मागे हटत नसेल, तर मग खुशाल घ्या. आपले आकडे घालून हिशेब मात्र करा.

मधला रस्ता

दोन-तीन वर्षं वापरलेलं नवं मॉडेल घेतलं तर पहिल्या मालकाने मोठी घट सोसलेली असते. पण तपासणी कडक हवी. रंगाची जाडी मोजणारं यंत्र सगळ्या पत्र्यांवर फिरवा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर ३०० दिसलं तर खाली काम झालेलं आहे. पोर्शे असेल तर अधिकृत सेवा केंद्रातून ओव्हर-रेव्हचा अहवाल काढा. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा गेलं ते त्यात टप्प्यांनुसार दिसतं.

पुण्यात पाण्याची तपासणी सोडू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि सीटखालच्या वायरिंगच्या जोडांवरची हिरवट बुरशी टॉर्चने बघा. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागा.

दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसली तर तिथली एनओसी आणि महाराष्ट्रात वयानुसार घटवून भरायचा कर किमतीत मिळवा. बारा महिन्यांच्या आत इथे नोंदणी करावी लागते. पुष्कळदा सौदा तिथेच बरोबरीत येतो.

जुनी देताना

एमएच-१२ ची गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८. थकलेले ई-चलन आधी भरा, नाहीतर नाव बदलण्याचं काम अडतं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या भागावर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतं. एक कोटीच्या गाडीला ती रक्कम मोठी होते, आणि शोरूमचा माणूस स्वतःहून तिची आठवण करून देईलच असं नाही.

चावी देण्याआधी फास्टॅग बंद करा, गाडीतले फोन नंबर आणि घरचा पत्ता पुसा आणि कंपनीच्या ॲपमधून गाडी काढा. ॲप तसंच राहिलं तर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहतं, आणि तिची दारंही तुमच्या फोनवरून उघडतात.