माल्टातील फाइन डायनिंगची नोकरी : नव्याने जाणाऱ्यांसाठी काही अनुभव

हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण संपवून आणि पुण्यात दोन वर्षे काम करून मी माल्टाला गेले, तेव्हा फाइन डायनिंग म्हणजे शुभ्र टेबलक्लॉथ, फ्रेंच पदार्थांची नावे आणि हलक्या आवाजात बोलणारे वेटर, एवढीच माझी समजूत होती. तिथल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये तीन वर्षे काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, आपण पाहुण्यासमोर जी प्लेट ठेवतो तिच्यात काय आहे आणि ते कुठून आले आहे, हे जाणून घेणे हाच या कामाचा पाया आहे. प्लेट कशी धरायची, उजवीकडून कशी ठेवायची, याची हाताला महिन्याभरात सवय होते. प्लेटची माहिती मात्र मेन्यू बदलेल तशी पुन्हा पुन्हा मिळवावी लागते.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला असलेला, जेमतेम 316 चौरस किलोमीटरचा द्वीपदेश आहे. माल्टीज आणि इंग्रजी या दोन्ही तिथल्या अधिकृत भाषा असल्याने आपल्या मुलामुलींचे कामापुरते अडत नाही. रेस्टॉरंटांना दर्जानुसार तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने 2020 मध्ये माल्टातील रेस्टॉरंटांना पहिल्यांदा तारे दिले. त्या वर्षीच्या तीन मानकऱ्यांपैकी एम्दिना या जुन्या शहरातील द मोंदियाँ आणि राजधानी वालेटातील अंडर ग्रेन ही दोन्ही हॉटेलांमधलीच आहेत. 2024 मध्ये वालेटाच्या आयन हार्बरला दुसरा तारा मिळाला. तेव्हापासून कामाकडून असलेल्या अपेक्षा बऱ्याच वाढल्या आहेत, असे तिथे जुने सहकारी सांगत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. राहण्याची आणि कामाची परवानगी ‘सिंगल परमिट’ या एकाच दस्तऐवजातून मिळते आणि ते काम ‘आयडेंटिता’ ही सरकारी संस्था पाहते. हॉटेल व्यवसायात येणाऱ्या परदेशी कामगारांसाठी ‘स्किल्स पास’ नावाची योजनाही आता आली आहे, तिचे सध्याचे नियम अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचावेत. करारात पद, आठवड्याचे तास, जादा कामाचा मोबदला आणि राहण्याची सोय हे सारे लेखी असल्याशिवाय कोणाही एजंटाला पैसे देऊ नयेत. घरभाडे ही तिथली सर्वांत मोठी चिंता आहे आणि पगाराचा आकडा भाडे वजा करूनच पाहावा.

भारतात कॅप्टनपदापर्यंत, म्हणजे वेटरांच्या प्रमुखपदापर्यंत, पोचलेल्या व्यक्तीलाही तिथे बहुधा ‘कॉमी’ म्हणून, म्हणजे अगदी खालच्या पायरीपासून, सुरुवात करावी लागते. याचे वाईट वाटून घेऊ नये. कॉमी दिवसभर स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये ये-जा करतो, त्यामुळे दोन्हीकडचे काम जवळून पाहण्याची संधी त्याच्याइतकी कोणालाच मिळत नाही.

आमचा दिवस दुपारी तीनला ग्लास पुसण्याने सुरू होई. बर्फाच्या बादलीत कढत पाणी घ्यायचे, वाइनचा ग्लास त्या वाफेवर उपडा धरायचा आणि दोन स्वच्छ सुती फडक्यांनी तो पुसायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून तीन ग्लास मोडले, कारण एका हाताने तळ आणि दुसऱ्या हाताने वरचा पेला धरून मी ते उलटसुलट दिशांनी फिरवत होते. तसा पीळ बसला की नाजूक दांडी मधोमध तुटते. पेला पुसताना पेलाच धरायचा आणि तळ पुसताना तळच, हे मला एका वयस्कर माल्टीज सहकाऱ्याने शेजारी उभे राहून, एकही शब्द न बोलता दाखवले.

साडेपाचला ब्रीफिंग, म्हणजे पाहुणे येण्याआधीची माहितीची बैठक, होई आणि त्या वीस मिनिटांत मी जे शिकले ते कॉलेजच्या एकाही वर्गात शिकले नव्हते. उदाहरणार्थ, लांपुकी हा मासा. इतरत्र याला माही-माही म्हणतात. याचा हंगाम माल्टात 15 ऑगस्टला सुरू होतो. कोळी ताडवर्गीय झाडांच्या झावळ्या तरंगत्या तराफ्यांना बांधून समुद्रात सोडतात, त्यांच्या सावलीला मासे जमतात आणि मग भोवतीने जाळे टाकले जाते. मी रत्नागिरीची, आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीबंदी असते आणि ती उठल्यावर बाजारात येणाऱ्या पहिल्या मासळीची घरोघर कशी वाट पाहिली जाते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे माल्टीज पाहुणे हंगामातली पहिली लांपुकी आली का, असे विचारत तेव्हा त्यांच्या विचारण्यातली उत्सुकता मला समजे आणि दोन वाक्यांत मनापासून उत्तर देता येई. गोझो बेटावरचे मेंढीच्या दुधाचे ज्बेयना चीज, तिथल्या मिठागरांतले मीठ, रानोमाळ उगवणाऱ्या केपरच्या कळ्या, या सगळ्यांची अशीच ओळख करून घ्यावी. पाठ केलेले वर्णन पाहुण्याला लगेच कळते.

आता ॲलर्जीविषयी, कारण माझी सर्वांत गंभीर चूक इथे झाली. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार 14 ॲलर्जनांची, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची, माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. शेंगदाणे, दूध, अंडी आपल्याला सुचतात. पण सेलरी ही भाजी, मोहरी, तीळ आणि ल्युपिन हे एक कडधान्य हेही त्या यादीत आहेत. एका बाईंनी मला सेलरीची ॲलर्जी असल्याचे सांगितले. प्लेटमध्ये सेलरी दिसत नव्हती, म्हणून मी “या पदार्थात सेलरी नाही” असे सांगून मोकळी झाले. वास्तविक त्या सॉससाठीचा स्टॉक, म्हणजे मूळ रस्सा, कांदा, गाजर आणि सेलरी घालूनच उकळलेला होता. ऑर्डर लिहिताना मी ॲलर्जीची नोंद केली होती, तेवढ्यामुळे शेफने पासवरच, म्हणजे स्वयंपाकघरातून तयार प्लेट बाहेर देण्याच्या कट्ट्यावरच, ती प्लेट थांबवली. ते ओरडले नाहीत. “तुला माहीत नव्हते, तर तू ‘नाही’ कसे म्हणालीस?” इतकेच त्यांनी विचारले. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी “मी स्वयंपाकघरात विचारून येते” असे सांगून मी आत जात असे, उत्तर माहीत असले तरीही. एकाही पाहुण्याने त्यासाठी नाराजी दाखवली नाही.

सात पदार्थांचा टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेले छोटे पदार्थ एकामागून एक देणे, तीन तास चालतो आणि त्यात वेळेचा अंदाज फार महत्त्वाचा असतो. पाहुणा मध्येच उठून बाहेर गेला तर ते ताबडतोब पासवर कळवावे लागते, नाहीतर तयार मासा दिव्याखाली वाळतो आणि तो पुन्हा करावा लागतो.

जून ते सप्टेंबर हा काळ अंगावर येतो. पाय सुजतात, म्हणून चांगल्या बुटांवर केलेला खर्च वाया जात नाही. हिवाळ्यात मात्र गर्दी ओसरते आणि वरिष्ठांना शिकवायला सवड मिळते. वाइनचा अभ्यास तेव्हाच करावा. जेलेउझा ही तांबडी आणि जिर्जेंतिना ही पांढरी, या माल्टाच्या स्वतःच्या द्राक्षजाती आहेत. जानेवारीतल्या एका रिकाम्या दुपारी आमच्या सोमेलिएने, म्हणजे वाइनच्या जाणकाराने, जिर्जेंतिनाच्या वाइनचा घोटभर नमुना माझ्यापुढे ठेवून चव लिहून काढायला सांगितली. मी सहा शब्द लिहिले. त्यांनी त्यांतले चार खोडले, ‘लिंबू’ आणि ‘हिरवे सफरचंद’ हे दोन ठेवले आणि दुसऱ्या दिवशी याच वेळी पुन्हा यायला सांगितले.