तीन पायांचा बैल आणि फुटलेली बाटली: घरच्या घरी वस्तू करताना या चुका टाळा

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी आमच्या पोट्ट्याचा मातीचा बैल तीन पायांवर आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गावभर पोरं आपापले नंदी घेऊन घरोघरी बोजारा (पैसे-खाऊ) मागायला निघणार, आणि याचा बैल भिंतीला टेकवून ठेवलेला. लाकडी नंदीची किंमत ऐकून मीच म्हटलं होतं, मातीचा करू, आपल्या वावरात मातीची काय कमी आहे! चूक तिथेच झाली होती.

आमच्याकडची काळी माती पाणी लागलं की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. जी माती वावरात भेगा पाडते, ती बैलाच्या पायात पाडणार नाही असं कसं होईल? कुंभाराकडून घमेलंभर माती मागून आणली तर सगळ्यात चांगलं. तळ्यातला गाळही चालतो. काळीच वापरायची असेल तर दोन वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली रेती घाला, आणि मूठभर कापूस बोटांनी विंचरून त्यात मळा. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. गोळा रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवायचा आणि सकाळी पुन्हा मळायचा.

दुसरी चूक म्हणजे पायात तुराटी. बैल उभा राहावा म्हणून आपण पायात काडी घालतो. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय उभा चिरतो. काडी लागतच असेल तर तिला आधी गवत किंवा सुतळी सैलसर गुंडाळा, म्हणजे मातीला दबायला जागा राहते. पाय धडाला जोडताना दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत. जोडाच्या जागी काडीनं आडव्या-उभ्या रेघा ओढा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. सकाळचं धड आणि संध्याकाळचा पाय एकमेकांना धरत नाहीत. आमचा चौथा पाय याच पद्धतीनं गेला.

आणि ऊन! मला वाटलं, वाळायचं आहे तर उन्हात ठेवू. उन्हानं वरची कातडी वाळते, आत ओल राहते, आणि बैल तडकतो. पहिले दोन-तीन दिवस छपरीत, सावलीत, वर ओलसर फडकं टाकून ठेवा. नंतर फडकं काढा. ऊन अगदी शेवटी. श्रावणात हवाच ओली असते, आठवडा सहज जातो, म्हणून माती नागपंचमीच्या सुमारास भिजवायला घ्या. वाळला की नाही हे बघायला बैल गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. तशात रंग दिला तर पोपडे निघतात.

पडलेली भेग ओल्या मातीनं भरू नका. ती ओली माती पुन्हा आकसते आणि भेग परत येते. त्याच मातीची कोरडी भुकटी, थोडा कापूस आणि फेविकॉल असा घट्ट लगदा करून भरा. मी तोच पाय रात्री दहा वाजता तसाच बसवला. बैल लंगडा दिसत होता, पण बोजारा मिळाला.

पळसाचा रंग

फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो आणि फुकट मिळतो, त्यामुळे होळीचा रंग त्याचाच करायचा हे ठरलेलं. यात लोखंडी कढई हा पहिला घोळ. पळसाच्या फुलातल्या रंगद्रव्याला लोखंड लागलं की रंग केशरी राहत नाही, शेवाळी-काळपट होतो. स्टीलचा किंवा जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) गंज, म्हणजे पातेलं, घ्या. फुलाच्या बुडाची गडद मखमली टोपी काढून टाका, तिनंही रंग मळकट होतो. फुलं साठवायची असतील तर सावलीत कुरकुरीत होईस्तोवर वाळवा, नाहीतर डब्यात बुरशी धरते.

रंग लालसर व्हावा म्हणून त्यात चुना टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. रंग लालसर होतो हे खरं आहे, पण तेच पाणी पोरांच्या डोळ्यांत जातं आणि अंगाची आग होते. अंगावर खेळायचं असेल तर चुना नकोच. फडकं रंगवायचं असेल तर चिमूटभर तुरटी घाला, पिवळा उठून येतो. आणि रंगाचं पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. आंबतं आणि असा वास येतो की रंगपंचमीला कोणी जवळ येत नाही.

वाकळ आणि बाळाचं दुपटं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या कापडातून करायची सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि बिघडली की सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते तीही हीच.

नणंदेच्या मुलीच्या बारशाला मी दुपटं शिवलं होतं. आत सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं, वर बाजारातलं कोरं छापील सुती कापड. टाके बारीक, कडा सरळ, सगळ्यांनी कौतुक केलं. पहिल्या धुण्यातच वरचं कापड आटलं, आतलं तसंच राहिलं, आणि दुपट्याचा पापड झाला. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "कोरं कापड न धुता काहून लावलं वं?" त्यांचं बरोबर होतं. कोऱ्या सुती कापडाला खळ असते आणि ते आटतं, म्हणून गरम पाण्यातून दोनदा काढून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही. लाल किंवा गडद निळं कापड वेगळ्या बादलीत भिजवून बघा. पाणी रंगलं तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी लावू नका. मीठ टाकून रंग पक्का होतो असं सांगतात, माझा तरी त्यावर भरवसा नाही.

सुती लुगड्यात टेरिकॉटची साडी मिसळू नका. एक आटतं, दुसरं आटत नाही, आणि उन्हाळ्यात ती वाकळ अंगाला चिकटते. थर घालताना जमीन झाडून, पुसून, कापड चारही कोपऱ्यांनी ताणून पसरा. आधी लांब कच्चे टाके मधून कडांकडे घाला आणि मगच बारीक धावदोरा. कच्च्या टाक्यांचा कंटाळा केला की आतलं कापड गोळा होतं, आणि ते तुम्हाला शेवटच्या ओळीला कळतं. दुपट्याला तीन थर पुरे. पाच-सहा थर घेतले की सुई अडते, टाका मोठा होतो आणि बाळाच्या बोटात अडकतो. मणी, टिकल्या, जरीची किनार बाळाच्या वस्तूला नकोच.

आत घरचा कापूस भरणाऱ्यांची चूक वेगळी असते. सरकी काढली म्हणजे कापूस तयार झाला असं नाही, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा लागतो. सरकीचे तुकडे राहिले तर टोचतात, शिवाय उंदरांना आमंत्रण. टाक्यांच्या ओळी चार बोटांच्या अंतरानं आल्या पाहिजेत, नाहीतर दोन धुण्यांत सगळा कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

पापड झालेलं दुपटं फेकू नका. ओढ बसलेल्या ओळी उसवा, दुपटं ओलं करून सपाट वाळवा, आणि त्याच ओळी सैल हातानं पुन्हा घाला. माझं ऐंशी टक्के सुधारलं. उरलेला वीस टक्के भाग मी चारचौघांत घडीच्या आत ठेवते.

रद्दीची टोपली

रद्दी तीन-चार दिवस भिजवा, रोज पाणी बदला, उखळात कुटा. मिक्सरमध्ये कमी पाण्यात फिरवलीत तर मोटर जळेल. किलोभर रद्दीला अर्धी वाटी मेथी भिजवून वाटून घाला, चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. उलट्या भांड्यावर आधी ओलं फडकं पसरा आणि मगच लगदा थापा. मी थेट थापला होता, शेवटी भांडं आणि टोपली एकमेकांपासून सोडवायला विळा लागला. ही टोपली सुई-दोरा, बटणं, लसूण यांच्यासाठी ठेवा. तिच्यात भाकरी ठेवू नका, छपाईची शाई अन्नात जाऊ नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणही सांगतं, ते याचसाठी.

संत्र्याच्या सालींचं फरशीचं पाणी

मृग बहाराची संत्री आली की घरात सालींचा ढीग पडतो. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. हे प्रमाण बहुतेकांना माहीत असतं, चुकतं ते झाकणात. आंबताना आत वायू तयार होतो. काचेची बाटली घट्ट बंद करून मी ती बाजेखाली ठेवली होती. मार्चमधल्या एका दुपारी असा आवाज झाला की शेजारचे काका सिलिंडर समजून धावत आले. प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा पाचवा भाग रिकामा ठेवा आणि पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करा. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हे कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. हे पाणी आंबट असतं आणि शहाबादी फरशी चुनखडीची असते. आंबट लागलं की तिची चकाकी जाऊन पांढुरके डाग पडतात. आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून दहा मिनिटं बघा. टाइल्सवर, मोरीत, संडासात खुशाल वापरा. मी स्वयंपाकघरातली फरशी पुसून मोकळी झाले होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या डागावर आता कणकीचा पिंप ठेवला आहे.