त्वचेसाठीच्या औषधी पिकांचा सल्ला : पाऊस सरताना ढीग घालू नका

पाऊस शेवटच्या टप्प्यात आला की उघडीप मिळते, दोन दिवसांनी पुन्हा सर येते. त्या उघडिपीत सगळ्यांची एकच घाई असते, हाताला लागेल तेवढा पाला कापून घ्यायची. कापायला हरकत नाही. पण कापलेला ओला माल बांधावर ढीग घालून, वर ताडपत्री टाकून, ‘सकाळी बघू’ म्हणून लोक घरी जातात. तुळस, मंडूकपर्णी, कॅलेंडुला, कॅमोमाइल, पुदिना, यांतलं कोणतंही पीक घ्या, त्याचं नुकसान मी शेतात उभं असताना फार कमी पाहिलंय. ढिगात मात्र दरवर्षी पाहतो. रोग आला तर माणूस धावपळ करतो, ढिगाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कापलेलं पान लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालू असतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. पातळ पसरलेल्या मालातून ती निघून जाते, ढिगात कोंडते. पानातली विकरं (एन्झाइम) त्या उबेत जोरात कामाला लागतात, सुगंधी तेल उडतं, पान काळं पडतं आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. संध्याकाळच्या ढिगात रात्री हात खुपसून बघा. आत गरम लागलं तर मालाचा दर्जा त्याच क्षणी उतरायला लागलाय. नंतर तो कितीही नीट वाळवा, गेलेलं परत येत नाही.

आता ऋतूचं. त्वचेसाठी ही पिकं घेतात ती पानाच्या वजनासाठी नाही, आतल्या सत्त्वासाठी, आणि ते सत्त्व हवामानानुसार कमी-जास्त होतं. भरपूर ऊन, विशेषतः अतिनील किरणं मिळाली की झाड स्वतःच्या बचावासाठी फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं वाढवतं. सलग ढगाळ हवेत अन्न कमी तयार होतं, त्यामुळे तेलही कमी. थोडा ताण बसला तर तुळस-पुदिन्यासारख्यांत तेलाची टक्केवारी चढते, पण ताण वाढला की पालाच इतका घटतो की एकरी तेल उलट कमी निघतं. म्हणून ‘पाणी तोडा, तेल वाढेल’ हे अर्धंच खरं आहे. पुदिन्याचं पाणी काढणीच्या आठवडाभर आधी बंद करतात तेवढं ठीक, महिनाभर सुकवू नका.

कोरफडीचं गणित वेगळं. तिच्या गरात ९८ ते ९९ टक्के पाणीच असतं, कामाचं जे काही आहे ते उरलेल्या टक्क्या-दीड टक्क्यात. मुसळधार पावसानंतर पान टम्म फुगतं, वजन छान भरतं आणि गर पातळ होतो. शिवाय कोरफड रात्री हवा घेते, त्यामुळे पहाटेपर्यंत पानात मॅलिक आम्ल साठतं आणि दिवसा ते खर्च होतं. एकाच शेतातलं सकाळचं पान आणि दुपारचं पान चाचणीत सारखं उतरत नाही ते यामुळे. खरेदीदाराने नमुना नापास केला की आपण बियाण्याला दोष देतो. आधी कापणीची वेळ एक ठेवून बघा. पान बुडख्याकडच्या पांढऱ्या भागासकट सोडवा, तो भाग फाटला की तिथूनच जंतू आत शिरतात. पिवळा चीक गर काढायच्या वेळी बुडखा कापून, पान उभं ठेवून निथळू द्यायचा. प्रसाधनांच्या कोरफडीत अँथ्राक्विनोन ही कडू, रेचक द्रव्यं दशलक्ष भागांत ५० च्या वर नसावेत असा संकेत आहे आणि ते येतात त्या चिकातूनच. कोरफड वाळवायची नसते, म्हणून तिचा ढीग चालतो असा एक गैरसमज आहे. चालत नाही. दबलेल्या पानात जंतू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात आणि चाचणीत नेमकं तेच पकडलं जातं. क्रेटमध्ये, सावलीत, आणि त्याच दिवशी गर काढायला.

कॅलेंडुलाची फुलं पूर्ण उमललेली आणि कोरडी असतानाच खुडा, दव उडून गेल्यावर. एक खूण मी सांगतो, तिला प्रयोगशाळेचा आधार नाही. खुडताना बोटांना चिकटपणा लागला नाही तर त्या दिवशी खुडणी थांबवा. चिकट राळेतच या फुलाची ताकद आहे आणि पाऊस झाल्यावर पहिल्या दिवशी ती हाताला जाणवत नाही. युरोपीय औषधकोशात, म्हणजे औषधी मालाचा दर्जा ठरवणाऱ्या तिथल्या ग्रंथात, वाळलेल्या कॅलेंडुला फुलांना किमान ०.४ टक्के फ्लॅव्होनॉइडची अट आहे. ओलं फूल ढिगात काळवंडलं की ती अट सोडाच, रंगही हाती राहत नाही. केशरी रंगाचे कॅरोटिनॉइड उन्हात विरतात, म्हणून वाळवण सावलीतच.

मंडूकपर्णीला त्याच औषधकोशात एकूण ट्रायटर्पिनॉइड (तिची मुख्य औषधी द्रव्यं) किमान ६ टक्के लागतात, त्यांतल्याच एशियाटिकोसाइड या द्रव्याच्या हिशेबाने. ही द्रव्यं पानात जास्त, देठात आणि मुळात कमी. वजन वाढवायला मुळं-मातीसकट ओढून काढणारे टक्केवारी स्वतःच पाडतात. ही वेल जमिनीला चिकटून वाढते, पावसात मातीचे शिंतोडे पानावर बसतात, म्हणून ती धुवावी लागते. धुतलेला पाला निथळायला म्हणून टोपलीत गच्च भरून ठेवला तर तोही ढीगच झाला! जाळीवर पातळ पसरा, पंखा लावा. सांडपाण्याच्या कडेची मंडूकपर्णी अजिबात घेऊ नका, ती जड धातू शोषून घेते.

तुळस फुलोऱ्यावर येताना, स्वच्छ उन्हाच्या दिवशी कापा. पाऊस थांबल्यावर दोन दिवस कडक ऊन मिळू द्यावं आणि तिसऱ्या दिवशी विळा लावावा, असा माझा ठोकताळा आहे. चुरगळलेल्या पानाचा वास तोवर सुधारलेला असतो. गुलाब मात्र या नियमाला अपवाद आहे. त्याचं तेल ऊन चढलं की उडतं, त्यामुळे फुलं पहाटे, दवासकटच तोडायची आणि थेट तेल काढायच्या भट्टीकडे न्यायची. अपवाद फक्त दवाचा, ढिगाचा नाही. पोत्यात दाबलेल्या गुलाबाला तासाभरात आंबूस वास येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे : दव, पाऊस, जास्त दमट हवा टाळून काढणी करा, आणि नाइलाजाने ओला माल काढावा लागला तर तो लगेच छपराखाली वाळवायला न्या. ‘लगेच’ म्हणजे जेवण उरकून नव्हे. वाळवायला जागा किती आहे ते आधी मोजा आणि तेवढंच कापा. चार जाळ्यांची जागा असताना अख्खा प्लॉट कापणारे लोक आहेत. उरलेला पाला जातो कुठे? ढिगात.

बाकीची कामं :

- पाण्याचा निचरा. कोरफडीच्या ओळीत चर मोकळे ठेवणे
- वाफसा आल्यावर खुरपणी
- वाळवणीच्या जाळ्या, क्रेट, विळे धुऊन कोरडे करणे
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) हेक्टरी २.५ किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून
- मावा, पांढरी माशी : ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी
- कॅलेंडुलावर भुरी : ८० टक्के पाण्यात विरघळणारं गंधक, १० लिटरला २० ते ३० ग्रॅम, तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांत नाही
- फवारणी आणि काढणी यांतलं अंतर लेबलवर असेल तेवढं

गंधकाबद्दल माझा स्वतःचा नियम जरा कडक आहे. फवारणीच्या दिवशी जी फुलं झाडावर उमललेली होती ती विकायची नाहीत, खुडून टाकायची. हा माल माणसाच्या कातडीला लागणार आहे.

या दिवसांत दुकानदार ‘सत्त्ववर्धक’, ‘तेलवर्धक’ नावाच्या बाटल्या पुढे करतो. बाटलीवर घटक वाचा. बहुतेकदा नत्र, थोडी अमिनो आम्लं, समुद्री शेवाळाचा अर्क असं काही असतं. ढगाळ हवेत जादा नत्र दिलं की पाला हिरवागार आणि लुसलुशीत होतो, पाहणाऱ्याला आनंद होतो, पण सत्त्व पातळ पडतं आणि मऊ पानावर मावा हजर होतो. ‘वाळवताना बुरशी येऊ नये म्हणून’ काढणीच्या तोंडावर बुरशीनाशक मारायचा सल्लाही मिळतो. तो सरळ नाकारा. यातल्या बऱ्याच औषधांच्या लेबलवर तुमच्या पिकाचं नावच नसतं, आणि अवशेष सापडले की सगळा लॉट परत येतो. त्या पैशात दोन पंखे आणि जास्तीच्या जाळ्या घ्या.

वाळवणीसाठी सुगंधी पिकांना ४० अंशांच्या आत तापमान ठेवा. फुलं एकेरी थरात, पाला बोटभर उंचीचा, पहिल्या दिवशी तीन-चार वेळा हलवा. उष्णतेपेक्षा वारा महत्त्वाचा. अर्धवट वाळलेल्या मालावर पावसाचे थेंब पडले तर पाण्यात विरघळणारी द्रव्यं धुऊन जातात, म्हणून रात्री छपराखाली, पण पसरलेलाच. ‘पाऊस आला म्हणून गोळा केला’ हाही ढीगच.

हळदवाल्यांनो, तुमचं काम अजून लांब आहे. पण पानं वाळेपर्यंत थांबा आणि काढणीआधी महिनाभर पाणी बंद करायचं आत्ताच लिहून ठेवा. हळदीतलं पिवळं सत्त्व, कर्क्युमिन, उजेडात नासतं, साठवण अंधारात. निंबोळ्या गोळा करणाऱ्यांनी पिवळ्या पिकलेल्याच घ्याव्यात, गर धुऊन बिया सावलीत सुकवाव्यात. ओल्या निंबोळ्यांच्या पोत्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी फार लवकर धरते.

पोत्यात भरण्याआधी एक तपासणी करा. देठ कडकन मोडला पाहिजे. कॅलेंडुलाची पाकळी कुरकुरीत लागली तरी फसू नका, मधला गोंडा नखाने दाबा, दमट लागला तर आणखी दोन दिवस. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत आला की भरा, आणि आठवड्याने एक पोतं उघडून आत हात घाला. ऊब किंवा कुबट वास आला तर सगळी पोती त्याच दिवशी रिकामी करून पुन्हा पसरा.