नवं अ‍ॅप घेताय? या चुका टाळा

पुण्यात नोकरीला असलेली पोरं सुट्टीला सोलापुरात येतात आणि आईच्या फोनवर सिग्नल हे मेसेज-कॉलचं अ‍ॅप टाकून जातात. हुतात्मा एक्सप्रेस दौंडला पोचेस्तोवर आई पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर! दोष आईचा नसतो. बहुतेक वेळा सिग्नलचा कॉल वाजतच नाही, कारण फोनचा बॅटरी सेव्हर त्या अ‍ॅपला मागच्या मागे झोपवतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीवरचं बंधन काढा, ऑटोस्टार्टचं बटण असेल तर तेही चालू करा आणि स्क्रीन बंद ठेवून दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा. हे न करता अ‍ॅपला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

'टेलिग्राम जास्त खासगी' हा असाच एक गैरसमज. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय कुणालाही, अगदी कंपनीलाही, मेसेज वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी, आपोआप असतं, सिग्नलवरही असतं. टेलिग्रामच्या साध्या चॅटला ते नाही. त्यासाठी सिक्रेट चॅट वेगळं उघडावं लागतं, आणि ग्रुपला तर ती सोयच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी मात्र बॅकअप, म्हणजे चॅटची जपून ठेवलेली प्रत, तपासावा. त्याचं एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करायचं असतं, आणि पासवर्ड विसरलात तर कंपनी तो काढून देत नाही.

व्हिडिओ कॉलवर माल पसंत करणं ही आपल्या गावातली खास चूक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून टॉवेल दाखवला, ट्यूबलाइटखाली मरून रंग विटकरी दिसला, समोरच्याने विटकरी समजून ऑर्डर दिली. मग बसा भांडत. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो, त्यात नेट मंदावलं की चित्र दाबलं जातं आणि विणीचा पोत दिसेनासा होतो. दिवसाउजेडी फोटो काढा आणि तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. तरी रंगाचा शेवटचा निर्णय कापडाचा तुकडा हातात घेऊनच करावा. बोलणं मागांपासून लांब, इअरफोन लावून करा. अ‍ॅपची आवाज गाळायची सोय मागांच्या खडखडाटापुढे टिकत नाही, कधी कधी तुमचा शब्दच गाळून टाकते.

लग्नाची बैठक झूमच्या फुकट खात्यावर ठेवाल तर ४० मिनिटांनी, नेमकी मानपानावर गाडी आली की, बैठक मोडेल. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तिघं किंवा जास्त असाल तर ६० मिनिटं मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वेळेचं बंधन नाही, पण एका कॉलमध्ये ३२ जणच बसतात. भावकी मोठी असेल तर एका घराने एकच फोन लावावा, आणि एका खोलीत दोन फोनचे स्पीकर चालू ठेवू नयेत; आवाज घुमतो तो त्यामुळेच.